गौरम्माची झील

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्याच्या वाट्याला सगळं आलं, पाऊस तेवढा आला नाही. कलेक्टर आले, एसपी आले, कोषागार आलं, आम्ही कारकून मंडळी टेबलं-कपाटांसकट ट्रकमध्ये बसून उस्मानाबादहून आलो. पाऊस मात्र तिकडंच राहिला. हापिसात बोलणं असं होतं की त्याची फाइल अजून वर्ग झालेली नाही. तिकडंही पाऊस नव्हता हे आम्हाला नंतर कळलं, पण तोवर उस्मानाबादवाल्यांवर राग धरून झाला होता, आणि धरलेला राग परत कसा करायचा याचा काही नियम नाही.

अशा त्या कोरड्या डिसेंबरात मी एक कॅसेट काढायला निघालो. खेड्यातल्या एका गाणाऱ्याची नाताळची भजनं. तुम्ही म्हणाल, शेषेराव, तुमचा आणि नाताळचा संबंध काय? हाच प्रश्न मला शेजाऱ्यांनी, सासऱ्यांनी आणि एका ओळखही नसलेल्या कंडक्टरनं विचारला. संबंध काही नव्हता. माझा संबंध टेपरेकॉर्डरशी होता. तो माझ्या मेहुण्यानं मस्कतहून आणून दिला होता, आणि आमच्या सगळ्या गल्लीत तसा दुसरा नव्हता. सिंधुनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, त्याला क्रोशाचं झाकण विणलं. मी त्यावर आधी कुकरच्या शिट्ट्या भरल्या, मग वरच्या मजल्यावरच्या गुरुपादप्पांची दुष्काळावरची मतं भरली. गुरुपादप्पा म्हणजे डाळ मिलचे निवृत्त मुनीम. मतं भरता भरता कॅसेट संपली आणि मतं उरली. तेव्हा माझ्या मनात आलं की नव्या जिल्ह्याला सगळं मिळालं, पण जिल्ह्याची म्हणून एक कॅसेट नाही. ती आपण काढावी. माणसाच्या डोक्यात अशा गोष्टी शिरतात तेव्हा घरचं कुणी अडवत नाही, हे मला फार लागतं.

त्याच आठवड्यात कोषागारातले साहेबराव माझ्या टेबलापाशी येऊन बसले. हे साहेबराव ख्रिस्ती. उदगीरच्या पुढं करडवाडी म्हणून गाव आहे, तिथले. त्यांचे चुलते संगप्पा गावच्या चर्चमध्ये नाताळची भजनं म्हणायचे. टाळ, चिपळ्या, एकतारी, सगळं आपल्यासारखंच, फक्त गाण्यात मरियाबाई आणि गोठा. भजनं त्यांची स्वतःची, कुठं लिहिलेली नाहीत, सगळी डोक्यात. आणि आता संगप्पांच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की नाताळानंतर ऑपरेशन करा, नाहीतर पुढचा नाताळ दिसणार नाही. पण ऑपरेशन केलं की आवाज जाणार, कायमचा. म्हातारा ऑपरेशनला नाही म्हणून बसला होता.

मी म्हणालो, जीव मोठा की आवाज मोठा, एवढं त्यांना कळत नाही का? साहेबराव चहाच्या कपात बघत म्हणाले की प्रश्न आवाजाचा नाही, झिलीचा आहे. आता भजनातली झील तुम्हाला ठाऊक असेलच. गाणारा अर्धी ओळ म्हणतो आणि थांबतो, उरलेली अर्धी मागचा झीलकरी उचलतो. संगप्पांना झील द्यायची त्यांची बायको, गौरम्मा. जन्मभर तिनंच दिली. संगप्पांचं म्हणणं असं की माझाच आवाज गेला तर ती बिचारी झील कुणाला देईल. मी म्हणालो, मग काकूंनाच समजावू द्या त्यांना. साहेबराव म्हणाले, "ती पावसाळ्यात वारली."

मी विचारलं की वारली, तर झील कोण देतं. साहेबराव एवढंच म्हणाले की म्हाताऱ्याचा आवाज कॅसेटमध्ये राहिला, आणि त्या आवाजाला झील येते असं त्याला पटलं, तर तो ऑपरेशनला जाईल. माझ्या अंगावर काटा आला, पण तो डिसेंबर होता आणि खिडकीला काच नव्हती. मी हो म्हणालो. माणुसकी म्हणून म्हणालो, आणि जिल्ह्याची पहिली कॅसेट म्हणूनही.

निघायच्या आधी सल्ल्यांचा पाऊस पडला, पडायचा तो पाऊस सोडून. गुरुपादप्पांनी सांगितलं की यंत्र ओल्या फडक्यात गुंडाळा, धूळ बसत नाही. त्यांच्या मंडळी उमादेवी म्हणाल्या की ओल्या फडक्यानं शॉक बसतो, कोरड्या साडीत गुंडाळा. सासऱ्यांनी पत्र टाकलं की यंत्र नेऊच नका. शेवटी ते क्रोशाच्या झाकणातच गेलं. उदगीरपर्यंत एसटी होती. पुढं करडवाडीला जायला पाण्याच्या टँकरशिवाय काही नव्हतं, त्यामुळं मी आणि साहेबराव टँकरवर बसून गेलो. वाटेत प्रत्येक वस्तीवर बाया घागरी घेऊन धावत यायच्या आणि वर मला बघून विचारायच्या की हे कोण. ड्रायव्हर सांगायचा, सरकारी माणूस आहे, पाणी मोजायला आलाय. नवीन जिल्ह्याच्या अव्वल कारकुनाला बायांनी काय काय ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

करडवाडीचं चर्च म्हणजे पांढऱ्या मातीनं पोतारलेली एक लांबट खोली आणि वर पत्रे. रविवारची दुपार. निम्मं गाव ऊस तोडायला गेलेलं, उरलेलं झाडून आत बसलेलं. समोर सतरंजीवर संगप्पा. वाळलेला, उंच माणूस, गळ्याला मफलर. रोज दुष्काळी कामावर खडी फोडून हात फाटलेले, पण चिपळ्या धरल्या की ते हात दुसऱ्याच कुणाचे वाटायचे. खोलीत मुंगीला जागा नव्हती. बाया एकमेकींच्या मांडीवर बसल्यागत बसलेल्या. फक्त संगप्पांच्या डाव्या हाताला अर्धी सतरंजी मोकळी होती. मला ती जागा फार पसंत पडली. आवाज तिथून बरोबर येणार होता. मी पुढं होऊन यंत्र तिथं ठेवलं आणि बटणावर बोट ठेवून मागं वळलो, तर सगळी खोली गप्प.

धुरपताबाई म्हणून एक म्हातारी होती, चर्चची झाडलोट बघणारी. ती म्हणाली, "सायब, तितं कुनी बसत न्हाई." मी तिला यंत्र, ध्वनी आणि अंतर यांबद्दल जरा समजावून सांगितलं. शिकलेल्या माणसानं समजावून सांगितलं की लोक ऐकतात, अशी माझी तेव्हा समजूत होती. संगप्पा हसले. म्हणाले, राहू द्या, तिलाबी बघू द्या काय हाय ते. मला वाटलं ते धुरपताबाईबद्दल बोलतायत.

मग ते गायला लागले. आवाज घोगरा होता, कडेनं फाटलेला, पण आत कुठंतरी विहिरीचं पाणी असावं तसा थंड. "मरियाबाई चालली उन्हात, घागर रिकामी..." आणि थांबले. थांबून डावीकडं, माझ्या यंत्राकडं बघायला लागले. मला वाटलं ओळ विसरले. मी हातानं खूण केली, चालू द्या. ते बघतच राहिले, मान हलवत, चिपळ्यांचा ताल धरून. पुरी अर्धी ओळ तशीच गेली. मग त्यांनी पुढची उचलली, पुन्हा अर्ध्यावर सोडली. मी पुन्हा खूण केली. तिसऱ्यांदा मी खूण केली तेव्हा ते ताल न सोडता मला म्हणाले, "सायब, ती म्हणून राहिली ना. मधी हात नका घालू."

मला त्या मोकळ्या जागांत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पत्रे तापून वाजायचे तेवढंच. पण खोलीतले सगळे माना हलवत होते, आणि माना गाण्यावर हलत नव्हत्या, मधल्या शांततेवर हलत होत्या. एकदा एका ठिकाणी संगप्पा गालातल्या गालात हसले, आणि सगळ्या बायाही हसल्या, जणू कुणीतरी वेळेआधीच सुरुवात केली असावी. त्यावेळी त्या खोलीत न हसलेला मी एकटाच होतो, आणि लग्नाच्या पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या पाहुण्यासारखं मला अवघडून गेलं. मी मनातल्या मनात ठरवलं की घरी गेल्यावर आधी कान साफ करायचे.

लातूरला आल्यावर सगळ्यांना बोलावून कॅसेट लावली. गुरुपादप्पांनी पहिल्याच ओळीला निकाल दिला की अर्धी कॅसेट वाया गेली. संगप्पांची ओळ, मग नुसता खरखराट, मग ओळ, मग खरखराट. माझा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लावली, तर त्या खरखराटात कुणीतरी श्वास घेतला. मला तसं वाटलं, असं मी म्हणणार नाही, कारण गुरुपादप्पांनीही मागं वळून बघितलं. पुढच्या खेपेला बांगड्या वाजल्या. त्याच्या पुढं गुणगुण आली. मग एका सकाळी, दाढी करता करता मी बटण दाबलं आणि संगप्पांच्या ओळीमागून बाईचा आवाज अगदी स्वच्छ आला, "कुणी दे गं पाणी, कुणी दे गं पाणी." मी हनुवटीवर कापून घेतलं.

गुरुपादप्पांकडं या सगळ्याची कारणं होती. एखादं रेडिओ केंद्र घुसत असेल. मस्कतच्या यंत्राला लातूरची वीज सोसत नसेल. कॅसेटीवर कॅसेट भरली गेली असेल. मी यंत्र उचलून गंजगोलाईजवळच्या दुरुस्तीवाल्याकडं नेलं. चांगला नावाजलेला माणूस, तोंडात कायम स्क्रू धरून बोलणारा. त्यानं कॅसेट लावली, ऐकली, पुन्हा थोडी ऐकली, मग तोंडातला स्क्रू काढून टेबलावर ठेवला. यंत्र दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाला की यात बिघाड काही नाही, पण परत आणू नका. मी विचारलं का. तो म्हणाला, ती बाई माझ्या दुकानात पाणी मागून राहिली, आणि माझ्या माठात पाणी नाही.

घाबरली नाही ती फक्त सिंधु. तिचं माहेर साताऱ्याकडचं, तिकडची माणसं मुळातच घाबरत नाहीत असं ती म्हणते. तूरडाळ निवडता निवडता ती कॅसेट ऐकायची. एकदा म्हणाली, "घाई करते हो बिचारी. तिला दम पुरत नाही, म्हणून आधीच उचलते." मी म्हणालो, कोण? ती म्हणाली, गौरम्मा, दुसरं कोण. हळूहळू ती स्वतःच झील गुणगुणायला लागली. आधी त्या आवाजामागून, मग त्याच्याबरोबर. एका दुपारी मी हापिसातून लवकर आलो तर स्वयंपाकघरात सिंधु आणि उमादेवी समोरासमोर बसलेल्या. सिंधु झील म्हणायची, थांबायची, पुन्हा झील म्हणायची. मधे उमादेवी मान हलवायच्या. टेपरेकॉर्डर बाहेरच्या खोलीत झाकणाखाली बंद होता. मी पाणी मागितलं आणि उभ्यानंच पिऊन पुन्हा हापिसात गेलो. माझी नोकरीत इतकी वर्षं झाली, हापिसातून निघाल्यावर आपण होऊन परत जायची ती पहिलीच वेळ.

गोष्ट कुणाला सांगू नका असं मी गुरुपादप्पांना बजावलं होतं, त्यामुळं ती दोन दिवसांत आमच्या मोठ्या साहेबांपर्यंत पोचली. साहेब भुतांबद्दल काही बोलले नाहीत. ते म्हणाले, नव्या जिल्ह्याची सांस्कृतिक समिती झाली आहे, नाताळनिमित्त ही कॅसेट सभागृहात वाजवू. माझी छाती फुगली. मी कलावंतांची नावं लिहून दिली. गायन, संगप्पा. झील, गौरम्मा. इथं माझी अक्कल गेली होती असं सिंधु म्हणते, आणि या बाबतीत तिच्याशी वाद नाही.

आस्थापनेच्या कारकुनानं दोन्ही कलावंतांची संमती मागितली. मी सांगितलं, बाई मयत आहे. तो म्हणाला, दाखला आणा. आता गौरम्मा वारली ती नेमकी जिल्हा तुटला त्याच सुमाराला. गावचे जन्ममृत्यूचे कागद गाठोडं बांधून जुन्या जिल्ह्यात गेले ते गेलेच. कारकुनानं शोध घेतला आणि मला कळवलं की लातूर जिल्ह्यात गौरम्मा नावाची कुणी बाई वारलेली नाही. मी म्हणालो, म्हणजे हयात आहे का? तो म्हणाला, तसंही म्हणता येत नाही, हयातीचा दाखला कुठंय? तर निर्णय होईपर्यंत कॅसेट कार्यालयाच्या ताब्यात राहील. त्यानं ती लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चिठ्ठी डकवली.

साहेबराव त्या दिवशी माझ्याशी भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते भांडले नाहीत. नुसते कपाटाकडं बघत उभे राहिले. म्हातारा रोज विचारत होता की कॅसेटीत झील आली का. नाताळच्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांसमोर ऐकणार, आणि ऐकून मगच डॉक्टरला हो की नाही सांगणार, असं त्यानं ठरवलं होतं. गाठ वाढत होती. पाणीसुद्धा आता दुखून उतरत होतं. आणि मी त्याचा जीव कपाटात घालून बसलो होतो. मला रात्री जेवण जाईना. जिल्ह्याची पहिली कॅसेट वगैरे सगळं माझ्या मनातून उतरून गेलं.

मार्ग काढला तो कपाटानंच. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडून बसलो होतो, आणि कपाटातून आवाज आला, "कुणी दे गं पाणी, कुणी दे गं पाणी." संगप्पांचा आवाज नव्हता. एक झील, मग अर्ध्या ओळीइतकी शांतता, मग झील. कुणाचाही घास पुढं जाईना. सरकारी माणसं आवाजाकडं दुर्लक्ष करण्यात तरबेज असतात, आम्ही दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी त्या आस्थापनेच्या कारकुनानंच, काही न बोलता, काचेच्या ग्लासात पाणी भरून कपाटासमोर ठेवलं. सुट्टी संपली तेव्हा ग्लास रिकामा होता. शिपायानं प्यालं असणार असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. शिपाई रजेवर होता, ही गोष्ट कुणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीतल्या सगळ्यांचे टेबल बदलून मिळण्याचे अर्ज साहेबांकडं गेले. साहेब स्वतः येऊन कपाटासमोर थोडा वेळ उभे राहिले. चष्मा पुसला, गेले, आणि लेखी आदेश आला की सदर कॅसेट तात्काळ कार्यालयाच्या आवाराबाहेर हलवावी. कारण दिलं होतं, जागेची टंचाई.

नाताळच्या सकाळी मी, सिंधु आणि साहेबराव करडवाडीला पोचलो. बांबूवर कागदी तारा लावला होता. ऊसतोडीला गेलेली माणसं सणापुरती परत आली होती. पाय धुवायला म्हणून प्रत्येकाला अर्धा तांब्या पाणी मिळत होतं, आणि सिंधु बाहेर बायांशी बोलत राहिली. मी आत जाऊन यंत्र मागच्याच जागी ठेवायला वाकलो, तर धुरपताबाईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पुढच्या टेबलावर, क्रुसाशेजारी ठेवलं. या खेपेला मी काही समजावून सांगितलं नाही.

खोली भरली. संगप्पा यंत्रासमोर बसले. निम्मे उरले होते. त्या दिवशी ते गाणार नव्हते, फक्त ऐकणार होते. शेवटी सिंधु आत आली, पदरानं हात पुसत, इकडं तिकडं बघितलं आणि जी एकच मोकळी जागा दिसली तिथं, संगप्पांच्या डाव्या हाताला, जाऊन बसली. मी खुणा केल्या. माझ्या खुणा सिंधुला लग्नापासून कधी कळलेल्या नाहीत. खोली पुन्हा गप्प झाली आणि धुरपताबाईनं डोळे मिटून घेतले.

मी बटण दाबलं. "मरियाबाई चालली उन्हात, घागर रिकामी..." आणि खरखराट. पुढची ओळ, आणि खरखराट. मी आवाज वाढवला. खरखराट मोठा झाला. दुकानात, दाढीच्या वेळी, कुलूपबंद कपाटात जी बाई बिनबोलावता गात होती, ती इथं तिच्या नवऱ्यासमोर, तिच्या गावात गप्प होती. संगप्पांनी मान वर केली नाही. त्यांनी साहेबरावांचा हात धरला आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "न्हाई आली रे. डाक्टरला न्हाई म्हनून सांग."

साहेबरावांनी मान खाली घातली. कॅसेट आपली फिरतच होती, ती बंद करावी एवढंही मला सुचलं नाही. संगप्पांचा जुना आवाज पुढची अर्धी ओळ म्हणून थांबला.

आणि झील आली. वेळेच्या जराशी आधीच. "कुणी दे गं पाणी, कुणी दे गं पाणी."

ती यंत्रातून आली नव्हती. सिंधु गात होती. बायकोचा आवाज मला ठाऊक आहे, भाजीवाल्याशी बोलतानाचा आणि माझ्याशी बोलतानाचा, दोन्ही. हा तिसराच होता. खालून, पोटातून निघणारा, शेवटी कानडी वळण घेणारा. तिचे डोळे उघडे होते आणि नजर सतरंजीवर, डाळ निवडताना असते तशी. संगप्पांचे हात आपोआप चिपळ्यांकडं गेले. सगळ्या माना हलायला लागल्या. जिथं गौरम्मा घाई करायची तिथं सिंधुनं घाई केली, आणि सगळ्या बाया हसल्या. या वेळी मीही हसलो, रडू येत होतं म्हणून. पुरी बाजू संपेपर्यंत एकही झील चुकली नाही. त्यातली शेवटची दोन भजनं आम्ही घरी कधी लावलीच नव्हती.

संगप्पा उठले, सिंधुसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी लई घाई करता."

"हाव," सिंधु म्हणाली. "दम पुरत न्हाई."

साताऱ्याच्या माणसानं होयला हाव म्हटलेलं मी जन्मात ऐकलेलं नाही. संगप्पांनी फक्त मान डोलावली. मग साहेबरावांकडं वळून विचारलं की दवाखान्यात जायचं तर एसटी कुठून सुटती.

ऑपरेशन झालं. आवाज गेला, म्हातारा राहिला. पुढच्या पावसाळ्यात पाऊसही झाला, फाइल सापडली असणार. नाताळ जवळ आला तसा धुरपताबाईचा निरोप आला की झील एकदा उचलली की ती खाली ठेवता येत नाही, तेव्हा बाईंना घेऊन या. सिंधुनं निरोप यायच्या आधीच पिशवी भरून ठेवली होती. गुरुपादप्पाही बरोबर आले, यंत्राची काळजी घ्यायला म्हणून.

त्यांनी काळजी घेतली, म्हणून सांगतो. मी बटण दाबलं, पहिलीच ओळ निम्मी झाली आणि यंत्रानं कॅसेट खाल्ली. गुरुपादप्पा पुढं झाले आणि आतली फीत ओढायला लागले, आणि ओढता ओढता ती तुटली. संगप्पांचा सगळा आवाज आमच्या दोघांच्या हातात तपकिरी गुंता होऊन पडला. मी त्या गुंत्यासकट सगळ्या गावासमोर उभा, आणि गुरुपादप्पा मला सांगतायत की पेन्सिल असती तर जमलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

संगप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. गळ्याला फडकं बांधलेलं. त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि ताल धरला. ओठ हलायला लागले. ओठांतून साधी फुंकरसुद्धा येत नव्हती. सिंधु त्यांच्या डाव्या हाताला बसली होती. तिनं अर्धी ओळ वाट बघितली आणि झील उचलली. पुन्हा थांबली, पुन्हा उचलली. संगप्पा तिच्याकडं वळून, मान डोलावत, पुढची ओळ सोडत होते. सगळी खोली माना हलवत होती. भजनामागून भजनं झाली.

परतीच्या एसटीत गुरुपादप्पा झोपले. मी सिंधुला विचारलं की तुला कसं कळत होतं, कुठं थांबायचं आणि कुठं उचलायचं. चिपळ्यांवरून कळत होतं का, की ओठांवरून?

"ओठांकडं कुठं बघत होते मी," ती म्हणाली. "ऐकू येत होतं की."

मी खिडकीकडं तोंड केलं. बाहेर ज्वारी उभी होती, यंदाची, चांगली पुरुषभर. सिंधुनं माझ्याकडं नीट वळून बघितलं.

"का? तुम्हाला नाही आलं?"

मी सरकारी माणूस. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला पाठ आहे. पण या वेळी ते मी बाजूला ठेवलं.

"आलं," मी म्हणालो. "पहिल्या ओळीपासून."